ऑफिसचा कॉम्प्युटर संथ झालाय? मेमरी आपणच वाढवूया



महिनाअखेर आली की बिरवाडीच्या बाजूला काय, पोलादपूरकडे काय, प्रत्येक संघाच्या ऑफिसात एक वाक्य ऐकू येतं, "थांबा जरा, मशीन फिरतंय." स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहतं. समोर बाकावर वरंधकडून एसटीने आलेल्या ताई बसलेल्या असतात. कुणाच्या गटाचा कर्जप्रस्ताव छापायचा असतो, कुणाला परतफेडीचा उतारा बँकेत द्यायचा असतो, आणि दुपारची गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत दुसरी नसते. मे महिन्यात हेच आणखी महागात पडतं. प्रस्ताव चार दिवस अडकला तर बियाण्याचे पैसे मृगाच्या आधी न येता नंतर येतात. पावसाला कुणी सांगणार, की आमचं मशीन फिरतंय म्हणून?

मग बैठकीत दोनच सूचना येतात. एक, नवा कॉम्प्युटर घ्या. दोन, हा महाडला दुकानात टाकून या. तिसरी सूचना सहसा कुणी करत नाही, ती म्हणजे झाकण उघडून बघूया. आपल्या ऑफिसात जे छोटे कॉम्प्युटर आहेत, त्यातल्या बहुतेकांची मेमरी वाढवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. एक स्क्रू ड्रायव्हर आणि दोन शांत हात पुरतात. पण झाकण उघडण्याआधी मोजायचं असतं. हा पाठ तेवढ्यासाठीच आहे. आधी मोजा, मग ठराव करा, मग विकत घ्या, आणि शेवटी आपल्या हातांनी बसवा.

आपल्या कामात कॉम्प्युटर आला कसा?

नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली तेव्हा प्रयोगाला फक्त ५०० गट घेतले होते. सगळा हिशोब वहीत होता. पुढे १५ मार्च २०१५ ला नाबार्डनेच गटांचे हिशोब संगणकावर आणण्याचा 'ई-शक्ती' प्रकल्प सुरू केला. त्यासाठी देशातले पहिले दोन जिल्हे निवडले, झारखंडमधला रामगढ आणि आपल्या महाराष्ट्रातला धुळे. आता उमेदच्या कामात गटांच्या नोंदी ॲपवर जातात. त्यातलं बरंचसं मोबाईलवर होतं हे खरं. पण ताळेबंद, प्रस्ताव, अहवाल, ऑडिटची कागदपत्रं या सगळ्यासाठी टेबलावरचा कॉम्प्युटर लागतोच.

म्हणजे पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र, नियमित लेखे, आता या डब्यावरही उभं आहे. वहीची शिवण सुटली तर आपण सुई-दोरा घेऊन बसतो. डब्याचं तेवढं भय कशाला?

मेमरी म्हणजे काय? खळं आणि उडवी

भात झोडणीचे दिवस आठवा. कापलेले भारे उडवीत रचून ठेवलेले असतात. झोडणी मात्र खळ्यात होते. झोडणारी माणसं भारे उडवीतून काढून खळ्यात आणतात आणि तिथे काम करतात.

कॉम्प्युटरमध्येही तसंच आहे. हार्ड डिस्क ही आपली उडवी, सगळा साठा तिथे. प्रोसेसर म्हणजे झोडणारी माणसं. आणि मेमरी, जिला दुकानदार 'रॅम' म्हणतात, ते म्हणजे खळं. तुम्ही जी फाईल उघडता, जी वेबसाईट उघडता, ती आधी खळ्यात येते आणि मग तिच्यावर काम होतं.

खळं लहान असलं तर काय होईल? माणसं कितीही तरबेज असू देत, जागाच नाही म्हटल्यावर अर्धवट झोडलेले भारे परत उडवीवर नेऊन ठेवायचे, दुसरे आणायचे, पुन्हा ते नेऊन पहिले आणायचे. झोडणी कमी आणि ने-आण जास्त. स्क्रीनवर चक्र फिरतं ते पुष्कळदा या ने-आणीमुळे.

यातून दोन गोष्टी समजतात. पहिली, लाईट गेली की खळं रिकामं होतं. म्हणून सेव्ह न केलेली नोंद जाते. दुसरी, मेमरीची पट्टी काढली आणि दुसरी घातली तरी आपला हिशोब पुसला जात नाही. तो उडवीत, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये असतो. "मेमरी बदलली तर गटांचा डेटा जाईल का?" असं पुष्कळ ताई विचारतात. जात नाही. तरीही काम सुरू करण्याआधी बॅकअप घ्यायचाच, कारण जुन्या मशीनचा कुठलाच भाग सांगून बिघडत नाही.

आधी मोजा

मशीन संथ होण्याची तीन मुख्य कारणं असतात. खळं लहान, उडवी संथ, किंवा नेट कमी. औषध प्रत्येकाचं वेगळं. नेट कमी असेल आणि आपण मेमरी आणली तर पैसे पाण्यात.

मोजायचं असं. महिनाअखेरीच्या गर्दीत, रोजचं सगळं काम उघडं असताना, कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' नावाची खिडकी उघडेल. खिडकी छोटीच दिसली तर 'मोअर डिटेल्स' वर क्लिक करा. मग 'परफॉर्मन्स' हा भाग उघडा. तिथे सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेट यांचे आकडे दिसतात. दिवसातून तीनदा, असे तीन दिवस, आकडे वहीत लिहा.

आता वाचायचं कसं ते बघा.

मेमरीचा आकडा सतत ८५ ते ९० टक्क्यांच्या वर असेल तर खळं भरलंय. मेमरी वाढवून फरक पडेल.

मेमरी ५०-६० टक्क्यांवर आणि डिस्क मात्र सतत १०० टक्क्यांवर असेल तर उडवी संथ आहे. जुनी फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी घालणं हा उपाय. मेमरी आणून उपयोग नाही.

मेमरी आणि डिस्क दोन्ही भरलेल्या दिसल्या तर आधी मेमरीकडे बघा. खळं भरल्यामुळेच ने-आण वाढते आणि डिस्कचा आकडा चढतो.

सगळे आकडे कमी आणि फक्त वेबसाईटच उघडत नसेल, तर मशीनला बोल लावू नका. आपल्या डोंगराच्या कुशीत नेटचं दुखणं वेगळं आहे.

मोजताना एक फुकटचा उपायही करून बघा. ब्राउझरमध्ये वीस-वीस खिडक्या उघड्या असतात, त्या बंद करा. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' हा भाग आहे. मशीन सुरू होताना आपोआप चालू होणारे, आपल्याला नको असलेले प्रोग्राम तिथून बंद करता येतात. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका. एवढ्याने आकडा ७० वर आला तर एक रुपयाही खर्च न करता काम झालं.

कोणती पट्टी लागते?

इथे घाई केली की पैसे फसतात. मेमरीच्या पट्ट्या सगळ्या सारख्या दिसतात, पण एकीची दुसरीत बसत नाही. चार गोष्टी शोधा.

एक, लांबी. जाड पुस्तकाएवढे जे छोटे डबे असतात, साधारण १८ सेंटिमीटर लांब-रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर जाड, म्हणजे डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी किंवा एचपीचे मिनी, त्यांत लॅपटॉपची आखूड पट्टी लागते. तिला 'एसओ-डिम' म्हणतात, लांबी पावणेसात सेंटिमीटरच्या आसपास. त्याहून थोडे मोठे, पातळ सुटकेससारखे डबे असतात, त्यांत बहुधा लांब पट्टी, साधारण १३ सेंटिमीटरची, लागते. तिला नुसतं 'डिम' म्हणतात. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'फॉर्म फॅक्टर' समोर यातलं कोणतं ते लिहिलेलं असतं.

दोन, पिढी. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या मेमरीच्या पिढ्या आहेत. प्रत्येकीच्या सोनेरी दातांमधली खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. जुन्या पट्टीच्या लेबलवर पीसी३, पीसी४ किंवा पीसी५ असं छापलेलं असतं. टास्क मॅनेजरमधला 'स्पीड'ही खूण सांगतो. १३३३ किंवा १६०० दिसलं तर बहुधा डीडीआर३, २४०० ते ३२०० मध्ये असेल तर डीडीआर४, ४८०० किंवा वर असेल तर डीडीआर५. डीडीआर३ मध्ये आणखी एक पोटभेद आहे. लेबलवर 'पीसी३एल' असेल तर ती कमी व्होल्टेजवर, १.३५ व्होल्टवर चालणारी. अशा मशीनला नवीन पट्टीही 'एल'वालीच आणा.

तीन, जागा किती. त्याच पानावर 'स्लॉट्स यूज्ड' समोर दोनपैकी एक वापरात की दोन्ही, ते दिसतं. एक रिकामी असेल तर जुनी पट्टी ठेवून शेजारी दुसरी घालता येते. दोन्ही भरलेल्या असतील तर एक किंवा दोन्ही काढून मोठ्या घालाव्या लागतात. दोन सारख्या पट्ट्या जोडीने जास्त चांगल्या चालतात. वेगळ्या वेगाच्या दोन असतील तर दोन्ही कमी वेगाने चालतात, पण सहसा चालतात.

चार, मर्यादा. प्रत्येक मशीन किती मेमरी घेऊ शकतं हे ठरलेलं असतं. डब्यावरच्या स्टिकरवरून मॉडेलचं नाव लिहून घ्या. डेल, एचपी, लेनोव्हो या कंपन्या त्या मॉडेलचं दुरुस्तीचं पुस्तक आपल्या वेबसाईटवर फुकट ठेवतात. त्यात मेमरीची मर्यादाही असते आणि झाकण उघडण्याची चित्रंही. शिवाय 'सेटिंग'मध्ये 'सिस्टीम' आणि त्यात 'अबाउट' उघडून विंडोज ६४ बिटचं आहे ना ते बघा. साधं ३२ बिटचं विंडोज ४ जीबीच्या पुढची मेमरी वापरत नाही. पट्टी घालाल आणि ती नुसती बसून राहील.

आपल्या कामाला, म्हणजे ब्राउझर, एक्सेल, टॅली आणि छपाई यांना, ८ जीबी पुरते. ४ जीबीवर जे मशीन रडतं ते ८ वर बहुधा नीट चालतं. "घेतोच आहोत तर १६ घेऊ" असं कुणी म्हटलं तर तीन दिवस लिहिलेले आकडे समोर ठेवा.

पैशाचा विचार

मशीनची वाट बघणं हाही खर्चच असतो, फक्त तो कॅशबुकात दिसत नाही. समजा तुमच्या संघात ६० गट आहेत आणि दर महिन्याला प्रत्येक गटाच्या कामात ४ मिनिटं नुसती चक्र बघण्यात जातात. महिन्याचे २४० मिनिटं, म्हणजे ४ तास. वर्षाचे ४८ तास. आठ तासांचा दिवस धरला तर सहा दिवस. त्यात बाकावर बसलेल्या ताईंची बुडालेली मजुरी धरलेलीच नाही. तुमच्या संघाचा आकडा टाकून हा हिशोब बैठकीत फळ्यावर मांडा.

मग तीन दुकानांतून भाव घ्या. जुना भाव धरून ठराव लिहू नका. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जगभर चढले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी केंद्रं उभी राहताहेत आणि मेमरी तिकडे ओढली जातेय, हे त्याचं मोठं कारण. म्हणून त्या दिवसाचा भाव लेखी घ्या. पक्कं बिल आणि वॉरंटी मागा. 'पट्टी जुळली नाही तर परत घेऊ' हे दुकानदाराकडून आधीच कबूल करून घ्या. सोबत जुन्या पट्टीच्या लेबलचा मोबाईलवर काढलेला स्पष्ट फोटो न्या.

आणखी एक गोष्ट तोलून बघा. विंडोज १० ला मिळणारी फुकट सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. तुमचं मशीन त्याहून जुनं असेल तर त्यात मोठी रक्कम घालू नका. थोडक्यात काम भागत असेल तर भागवा आणि नव्यासाठी वेगळा निधी बाजूला टाकायला लागा. बँकेचे व्यवहार असुरक्षित मशीनवर करणं हे उघड्या कपाटात पेटी ठेवण्यासारखं आहे.

तयारी

काम रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवा. वीज कडाडत असेल त्या दिवशी नको. दोघींनी मिळून करा. एकीने हात लावायचा, दुसरीने पाठ वाचायचा आणि फोटो काढायचे.

आधी बॅकअप. सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या आणि एक प्रत ऑफिसच्या बाहेर ठेवा. आपल्या भागाला हे सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये पाणी शिरलं, तळियेवर दरड आली. माणसांपुढे कागदाचं काय, असं आपण तेव्हा म्हटलं आणि ते खरंच होतं. पण नंतर भरपाईपासून कर्जापर्यंत प्रत्येक ठिकाणी कागदच मागितला गेला. प्रत दोन ठिकाणी असावी.

मग मशीन 'शट डाऊन' करा. दिवे विझल्यावर यूपीएस बंद करा आणि डब्याची वायर काढा. मागच्या सगळ्या वायरींचा फोटो काढून मगच बाकीच्या वायरी काढा. आता चालू करायचं बटण १५ सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल.

टेबल लाकडी असावं आणि त्यावर प्लास्टिकचं कापड नसावं. सुती कपडे बरे. नायलॉनचा पदर घासला की बारीक ठिणगी तयार होते. आपल्याला ती जाणवतही नाही, पण मेमरीची चिप तेवढ्याने जाऊ शकते. पावसाळ्यात हवा ओली म्हणून हा धोका कमी, थंडीच्या कोरड्या दिवसांत जास्त. काम सुरू करण्याआधी आणि मधूनमधून खिडकीच्या रंग न दिलेल्या लोखंडी गजाला किंवा डब्याच्या धातूला हात लावा. धातूच्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा, मंगळसूत्र आत घ्या, पदर खोचा. हात कोरडे हवेत.

आता हात लावा

१. डब्याच्या मागे बहुधा एकच स्क्रू असतो. तो काढून वाटीत ठेवा. झाकण पुढे किंवा मागे सरकवून उचला. अडलं तर ओढाताण नको, दुसरा स्क्रू कुठे आहे ते शोधा.

२. आत धूळ, झुरळं, मुंग्यांची माती निघाली तर घाबरू नका. मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. पंखा बोटाने धरून झाडा.

३. मेमरी शोधा. हिरवी किंवा काळी पट्टी, तिच्यावर काळ्या चिप आणि कडेला सोनेरी दात. काही मशीनमध्ये ती हार्ड डिस्कच्या ट्रेखाली असते, काहींत पंख्याखाली. लेनोव्हो टायनीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये डबा उलटा करून खालचं झाकण काढावं लागतं. जे जे काढाल त्याचा आधी फोटो.

४. जुनी आखूड पट्टी काढायची असेल तर दोन्ही बाजूंच्या छोट्या क्लिप एकाच वेळी बाहेरच्या बाजूला सारा. पट्टी आपोआप तिरकी उठते. तिला कडेने धरून ओढून घ्या. सोनेरी दातांना बोट लावू नका.

५. नवी पट्टी घालताना खाच जुळवा. पट्टी तिरकी, साधारण ३० अंशांवर धरून आत सरकवा. सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे झाले पाहिजेत. मग वरून हलकं दाबा. दोन्ही क्लिप 'टक्' करून बसतील. एकच क्लिप बसली असेल तर पट्टी बसलेली नाही. काढा आणि परत घाला.

६. लांब पट्टीची रीत वेगळी. तिच्या टोकाच्या कड्या आधी उघडा, पट्टी सरळ उभी धरा आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. कड्या स्वतःहून बंद होतात. थोडा जोर लागतो, पण खाच जुळलेली असेल तरच तो लावायचा.

७. झाकण लगेच लावू नका. आधी काढलेला ट्रे किंवा पंखा जागेवर आणि त्याची वायर जोडलेली आहे ना, ते बघा. मग वीज, मॉनिटर आणि कीबोर्ड एवढंच जोडा आणि चालू करा. चालू असताना आत हात घालायचा नाही.

पहिल्यांदा स्क्रीन एक-दोन मिनिटं काळी राहू शकते, मशीन एकदा आपोआप बंद होऊन चालूही होऊ शकतं. ते नव्या पट्टीची ओळख करून घेत असतं. धीर धरा.

चालू झालं नाही तर

'पीप पीप' आवाज येतोय किंवा पाच मिनिटं झाली तरी स्क्रीन काळीच आहे? वायर काढा, १५ सेकंद बटण दाबा आणि पट्टी काढून पुन्हा घाला. दहापैकी बहुतेक वेळा ती नीट बसलेलीच नसते. तरीही नाही तर एकच पट्टी घालून बघा, मग दुसरी, मग जागा बदलून. जुन्या पट्टीवर चालतं आणि नवीवर चालत नाही, असं झालं तर नवी पट्टी एकतर जुळत नाही किंवा खराब आहे. बिल घेऊन दुकान गाठा.

जुन्या पट्टीच्या दातांवर आपल्या दमट हवेने काळपट थर आलेला असतो. पांढऱ्या मऊ खोडरबराने हलकेच पुसून भुगा ब्रशने झाडला तर पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. घासून सोनं काढू नका.

चालू झाल्यावर

टास्क मॅनेजर उघडून एकूण मेमरी बघा. ४ होती, ४ ची भर घातली, तर ८ जवळपास दिसली पाहिजे. थोडी कमी दिसते, कारण स्क्रीनवरची चित्रं दाखवण्यासाठी मशीन तीतलाच वाटा घेतं. मग शोधायच्या चौकटीत 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' लिहून ती तपासणी चालवा. मशीन पुन्हा सुरू होऊन मेमरी तपासतं. वेळ लागतो, तोवर चहा घ्या. चूक निघाली नाही तर बंद करून, वायर काढून झाकण लावा.

महिनाअखेरीला पुन्हा तेच आकडे तीन दिवस लिहा आणि आधीच्यांशेजारी मांडा. ज्या सभासदांच्या पैशातून पट्टी आली त्यांना फरक आकड्यांत दाखवणं हे आपलं काम आहे. साठा रजिस्टरमध्ये तारीख, मॉडेल, पट्टीचा प्रकार, किंमत, वॉरंटीची मुदत आणि बसवणाऱ्या दोघींची नावं लिहा. जुनी पट्टी नव्या पट्टीच्या पाकिटात ठेवा. दुसऱ्या ग्रामसंघाकडे त्याच प्रकारचं मशीन असेल तर तिचा उपयोग होईल. खराब असेल तर ती कचऱ्यात जाळू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

कधी हात लावायचा नाही

मशीन वॉरंटीत असेल तर आधी कंपनीला विचारा. मेमरी बोर्डावरच जोडलेली, न निघणारी असेल तर आपला इलाज नाही. जळका वास येत असेल किंवा पाणी शिरलं असेल तर चालू करूनही बघू नका, जाणकाराकडेच द्या. आणि मोठ्या डब्यात आत वीजपुरवठ्याची पत्र्याची पेटी असते, ती कधीही उघडू नका. वायर काढली तरी तिच्यात धोक्याची वीज राहू शकते.

दुकानात द्यावं लागलं तर काय खराब होतं, काय बदललं, जुना भाग कुठे आहे, हे लेखी मागा. वस्तूची दुरुस्ती सोपी व्हावी, तिची माहिती ग्राहकाला मिळावी म्हणून केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला 'राईट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं आहे. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या ऑफिसात कॉम्प्युटर कितीजणी हाताळतात? एकच असेल तर ती आजारी पडली त्या दिवशी काय होतं?

२. मेमरी, डिस्क आणि नेट यांचे तीन दिवसांचे आकडे कोण लिहिणार?

३. बॅकअपची दुसरी प्रत कुणाच्या घरी, आणि ते घर पुराच्या पातळीच्या वर आहे का?

४. आकडे बघून ठराव काय करायचा: फुकटचा उपाय, मेमरी, एसएसडी, की नव्या मशीनसाठी निधी?

प्रत्येक ग्रामसंघातून किमान दोन ताईंनी हा पाठ मशीनसमोर बसून वाचावा. झाकण उघडून आत नुसतं बघितलं, पट्टी कुठे आहे ती ओळखली आणि झाकण परत लावलं, तरी चालेल. रुपया-रुपया जोडून उभा केलेला संघ आहे. त्याच्या मशीनच्या आत काय आहे हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं.